चहाच्या आधी कार्ड

३ जानेवारी
वक्त्यांनो, आपल्या सर्वांची तक्रार एकच आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि ऐकत नाहीत.
(रोजनिशीतही सुरुवात अशीच होते. सवय.)
घाटंजी तालुक्यात सिकलसेलवर, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजारावर, माझ्याइतकं कोणी बोललं नसेल. सोयरिकीला बसलं की चहाच्या आधी मुलाचं आणि मुलीचं सिकलसेलचं कार्ड टेबलावर ठेवायचं, हा पायंडा माझा. तरी तपासणीच्या दिवशी अर्धं गाव शेतात पळतं. अज्ञान.
संकल्प: या वर्षी तालुका जागा करणे.

९ जानेवारी
शाळेत व्याख्यान, 'पेशी'. सांगितलं की पेशी म्हणजे आदर्श समाज. मायटोकाँड्रिया राबून ऊर्जा देतात, रायबोसोम प्रथिनं विणतात, पटल सीमेवर पहारा करतं. मध्यभागी केंद्रक, म्हणजे विचार देणारा नेता. तो गेला की सगळं संपलं. मुलं थक्क.
घरी शीला, म्हणजे बायको, जीवशास्त्र शिकवते. म्हणाली, "रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसते. थे निघून गेल्यावर पेशी कामाले लागते." मी म्हटलं, अपवाद. व्याख्यानात अपवाद सांगायचे नसतात.

१५ जानेवारी
आमच्या मुलीने, अपेक्षाने, लग्नासाठी स्वतः मुलगा निवडला. अश्वजित, यवतमाळला कॉलेजात सोबत होता, आता कळंबला नोकरी. मी पुरोगामी, त्यामुळे अडचण नाही.
शीला म्हणते, पोरीचं रक्त तपासून घ्या. कॉलेजातही कॅम्प झाला होता, तेव्हा मीच तिला नको म्हटलं. चळवळीच्या घरातच दोष निघाला तर लोक काय म्हणतील? आणि दोष निघेल कुठून? मी दोन-दोन तास उभ्याने बोलतो. हे अशक्त रक्ताचं काम नव्हे.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर अश्वजितचे वडील उकंडाभाऊ आले. खुर्चीत टेकायच्या आधी मुलाचं कार्ड टेबलावर. पिवळं. म्हणजे वाहक. स्वतः धडधाकट, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकतो.
म्हणाले, "आता पोरीचं ठेवा सर. तुमचाच नियम हाय."
मी पेशीच्या रचनेपासून सुरुवात केली. पटलापर्यंत आलो तोवर चहा निवला.
उकंडाभाऊ म्हणाले, "हे भाषण आमी बाजारात उभं राहून ऐकलं. म्हणून तं पोराचं कार्ड काढलं. तुमच्या घरी काहून नाई?"
चहा न घेता गेले. आपल्या समाजात वक्त्याचा मान उरलेला नाही.

२८ जानेवारी
अपेक्षा मला न विचारता आरोग्य उपकेंद्रात गेली. लालीबाई सिस्टरने बोटातून थेंब घेतला. पक्क्या तपासणीचं रक्त यवतमाळला गेलं. मी बोलणं सोडलं आहे. तिला ते कळलेलं दिसत नाही.

११ फेब्रुवारी
पिवळं.
दोघं वाहक. म्हणजे प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका: बाळाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणार, बारीक रक्तवाहिन्यांत अडकणार, लेकरू दुखण्याने रडणार. हे चित्र मी फळ्यावर सुंदर काढतो.
दोष शीलाच्या माहेरचा असणार. तसं स्पष्ट बोललो.
ती म्हणाली, "माही तपासणी अपेक्षा पोटात होती तवाच झाली. साफ निघाली. तुमी पुसदले भाषणाले गेलते."
मग, कणीक मळता मळता: "केंद्रक निघून जाते, पण त्यानं जे सांगून ठेवलं थेच रायबोसोम विणत राह्यतात. चुकीचं सांगितलं असन तं चुकीचंच विणतात."
उपमा चांगली आहे. व्याख्यानासाठी टिपून ठेवली.

१६ फेब्रुवारी
लालीबाई म्हणते, लग्न करता येतं, गर्भाची तपासणी करून घ्यायची, सल्ला घ्यायचा. पण उकंडाभाऊंचा नकार आला. त्यांच्या धाकट्या भावाचं लेकरू याच दुखण्याने गेलं होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं म्हणा.
अपेक्षा रडली नाही. म्हणाली, "कॉलेजच्या कॅम्पात तो माह्या पुढंच उभा होता, बाबा. त्यानं बोट दिलं. मी तुमचं ऐकून लायनीतून निघाली. तवाच कळलं असतं तं जीव लावलाच नसता."
मी म्हटलं, यावर एक व्याख्यान व्हायला हवं. ती उठून गेली.

२१ फेब्रुवारी
गावात तपासणी कॅम्प. उद्घाटक मी. माइककडे निघालो तर लालीबाई म्हणाली, "सर, भाषण मंग. तुमचं कार्ड कुठं हाय?"
लाइनीत उभा राहिलो. पुढच्या म्हाताऱ्याने मागे वळून विचारलं, "तुमची तपासणी दुसऱ्या खेपेची का, सर?"
मी हो म्हटलं. खोटंच.
थेंब देऊन खुर्चीत बसलो. सुई फारशी टोचत नाही. निकाल काय येणार ते घरात सगळ्यांना माहीत आहे.
मग भाषणासाठी माझं नाव पुकारलं. उठलो नाही. कॅम्प व्यवस्थित चालू राहिला.
वक्त्यांनो, माइक धरायच्या आधी बोट पुढे करा.