बिछायतीचं दुकान, राहतं घर आणि येता सिंहस्थ

मी, श्रीमती कुसुम गोपाळकृष्ण खिरवडकर, वय ६४, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा लावला की अक्षर दिसतं, आणि शेजारी बसून कोणी काही सुचवत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कचेरीसाठी याची हिंदी प्रत बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी माधव करतील. अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

१. टावर चौकाजवळचं आमचं दुकान, म्हणजे कार्यासाठी गाद्या-सतरंज्या भाड्याने देण्याचं, गोदामासह मुलगा रुचिर आणि सून तेजस्विनी यांना निम्मं निम्मं द्यावं.

त्याची हकिकतही दुकानाबरोबर दिली पाहिजे. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या सिंहस्थाच्या मेळ्यात, १९८० साली, माझ्या यजमानांची एकूण एक सतरंजी भाड्याने गेली. तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं पुढच्या, ९२ च्या मेळ्यावर येऊन थांबायचं. १९९० मध्ये त्यांनी चारशे नव्या गाद्या भरल्या. माल मळू नये म्हणून लग्नांची कामं परत पाठवली. मेळा आला तेव्हा तंबूंचे ठेके बाहेरच्या मोठ्या लोकांनी आधीच घेतले होते, गाद्यांसकट. मग हे जुन्या गिऱ्हाइकांच्या दारी गेले. एक जण म्हणाला, "दादा, बिटिया की शादी में आपके पास टाइम नहीं था. अब हमारे पास नहीं है."

त्या पावसाळ्यात गाद्यांना बुरशी आली. जानेवारीत हे गेले. गाद्यांनी माणूस मरत नाही, डॉक्टरांनी हृदय लिहिलं आहे. पण शेवटचे महिने जेवण झालं की ते गोदामात जाऊन त्या ढिगावर बसत.

२. माझी पुस्तकं तेजस्विनीला. त्यात वाचनालयाने रद्दीत काढलेलं धंद्याच्या नियोजनाचं एक हिंदी पुस्तक आहे. १९८९ साली आणलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, तीनदा वाचलं तेव्हा कळलं. सार इतकंच: आपलं गिऱ्हाईक कोण? ते दुसरीकडे न जाता आपल्याकडेच का येतं? आपण काय करायचं नाही? आणि अंदाज चुकला तर कुठे थांबायचं? यजमानांकडे शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हतं. ते गेल्यावर मी मुंजी, बारशी, साखरपुडे धरले आणि मोठ्या मांडवांना नाही म्हटलं. दुकान उभं राहिलं. ते बघायला हे नव्हते.

३. धाकटे दीर भय्यासाहेब यांना माझा पोळपाट द्यावा. मी ते प्रश्न एकदा घरात काढायला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, रणनीती पोळपाटावर लाटत नाहीत." हे हसले. मीही हसले, आणि पुन्हा विषय काढला नाही. पोळपाट शिसवी आहे. त्यावर आजवर कोणाचं दिवाळं लाटलं गेलेलं नाही.

४. हातातल्या दोन बांगड्या आणि बँकेतली ठेव नात ईरा हिला, ती अठरा वर्षांची झाल्यावर.

५. माझ्या नावावरचं राहतं घर. इथे मला जास्त लिहावं लागेल.

रुचिरने २००४ चा सिंहस्थ मनात घेतला आहे. घर तारण ठेवून हजार गाद्या भरायच्या म्हणतो. परवा जेवताना म्हणाला, "आई, बाबांचं स्वप्न अर्धं राहिलं."

"स्वप्न कुठलं रे, माल होता तो."

"तुला ना, सगळ्यात बुरशीच दिसते." मग बायकोकडे वळला. "तुझं काय म्हणणं?"

तेजस्विनी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते."

म्हणून हे घर मी एकट्या तेजस्विनीच्या नावे करते. रुचिरचा त्यावर हक्क राहणार नाही. रुचिर, हा अविश्वास नाही असं मी लिहिणार नाही. आहे. तू त्यांच्यासारखा आहेस, तितकाच चांगला, म्हणून आहे.

तेजस्विनी, तू हे बक्षीस समजू नकोस. गाद्यांचा सौदा करायला निघताना यजमानांनी दारात चपला घालता घालता मला विचारलं होतं, "कुसुम, तुला काय वाटतं?" खरंच विचारलं होतं, उत्तरासाठी थांबले होते. चारही प्रश्न मला पाठ होते. मी म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते."

घर तुझ्या नावावर असलं की तारणाच्या कागदावर सही तुझी लागेल. सही करण्याआधी तरी तुला काय वाटतं ते बोल.

स्थळ: उज्जैन
दिनांक: ९ ऑगस्ट १९९८
सही: कुसुम गोपाळकृष्ण खिरवडकर

कुसुमताईंनी वरील मजकूर आम्हा दोघांना वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार:
१. सुहास दिघे, फ्रीगंज
२. सुनंदा मुळे, फ्रीगंज