जेऊन जाय

आई,

काल कॉलेजची दोन मुलं घरी आली होती. नागपुरात पूर्वी कोण कोण रॉक बँड वाजवायचे याची माहिती ती गोळा करताहेत आणि कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला. मोबाइल माझ्यासमोर ठेवून म्हणाली, काका, अगदी सुरुवातीपासून सांगा. मला काय, कुणी ऐकणारं भेटलं की झालं. गुडघेदुखी विसरून बोलत सुटलो. मग त्यातल्या एकानं सहज विचारलं, पहिल्यापासून ड्रमवर कोण होतं? आणि मी नाव सांगितलं ते दुसऱ्याचं, नंतर आलेल्याचं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. वर सुनेनं केलेला चहा त्यांना आग्रहानं पाजला. मुलं गेल्यापासून मात्र मला त्या खोलीत बसवत नाही, म्हणून इथे स्वयंपाकघरात येऊन बसलो आहे. तुझं स्वयंपाकघर आता ओळखू यायचं नाही. फरशी बदलली, ओटा या बाजूला आला. पण तो प्लग ज्या भिंतीवर होता ती भिंत तीच आहे, आणि मी तिच्याकडे पाठ करून लिहितो आहे.

त्या मुलांना मी असंही सांगितलं की आमचा बँड एका गॅरेजमध्ये सुरू झाला. तू असतीस तर हसली असतीस. आपल्याकडे कुठलं आलंय गॅरेज, बाबांची सायकलसुद्धा पावसाळ्यात न्हाणीघरात उभी राहायची. आपल्या या नंदनवनच्या घरात तीन पिनांचा प्लग एकच, तोही तुझ्या स्वयंपाकाच्या हीटरसाठी बसवलेला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घेतलेला आमचा अँप्लिफायर दुसरीकडे कुठे चालायचाच नाही. म्हणून आम्ही चौघं तुझ्या चुलीपाशी. मी गिटार घेऊन तांदळाच्या कोठीवर, दोघं मित्र दाराशी, आणि तो, ज्याचं नाव मी काल घेतलं नाही, मोरीच्या कठड्यावर, समोर त्याचा ड्रम. आम्ही वाजवत असेपर्यंत हीटर बंद, म्हणून तू रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचीस आणि तो भरभर आवाज आमच्या प्रत्येक गाण्यात असायचा. हळू आवाजाचं गाणं आलं की मी म्हणायचो, "आई, स्टोव्ह बंद कर ना." तू म्हणायचीस, "वरण अर्धकच्चं हाये. तुमचं गाणं थांबव थोडं." आणि गाणं थांबायचं.

तो तुझा लाडका होता, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि थोडं झोंबायचंही. त्याच्या घरचे लग्नात बाजा वाजवायचे. लगीनसराईत तोही लाल कोट अंगात घालून वरातीत जायचा आणि उरलेले दिवस आमच्याकडे. त्याचा ड्रम बाज्यातलाच, पायानं वाजवता यावा म्हणून मोठ्या ढोलाला त्यानं सायकलच्या मिस्त्रीकडून पेडल लावून घेतलेलं. तो दारातून आत येतानाच विचारायचा, "मावशी, काय केलं वं आज?" आणि गोळाभात असला की वाजवण्याआधीच ताट घेऊन बसायचा. कुहीहून मामानं पाठवलेला तांदूळ तू फक्त सणाला काढायचीस. त्याच्यासाठी कधीही निघायचा.

आमची बाकीची गाणी इंग्रजी होती आणि ती आम्हालाही नीट कळत नव्हती. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, एवढं एकच तत्त्व. गणपतीच्या मांडवात लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या पाठवायचे, आम्ही त्या खिशात घालायचो. मग एका दुपारी तो निघाला असताना तू नेहमीसारखं म्हणालीस, "जेऊन जाय." तो म्हणाला, घाई आहे. तू पुन्हा म्हणालीस, तो पुन्हा नाही म्हणाला, आणि मग खाली बसून त्यानं तुझ्या पोळपाटावर तेच शब्द बोटांनी वाजवायला सुरुवात केली. जेऊन जाय, जेऊन जाय बाबू, जेऊन जाय. मी गिटार उचलली. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले तोवर गाणं झालं होतं आणि तुझ्या पोळ्या राहिल्या होत्या. आमचं स्वतःचं असं ते एकच गाणं. कॉलेजच्या गॅदरिंगला मुलांनी ते तीनदा म्हणायला लावलं. दिवाळीनंतर मौद्याच्या मंडईच्या जत्रेत इंग्रजी गाण्यांना लोक उठून चालले होते, ते याच गाण्यानं परत येऊन बसले. काल त्या मुलांना मी म्हटलं, ते गाणं मला सुचलं. सगळंच सांगायचं म्हटलं तर हेही सांगितलं पाहिजे.

मग सिव्हिल लाइन्सच्या एका क्लबात वर्षअखेरच्या नाचासाठी आमचं नाव निघालं. मी एकटाच बोलणी करायला गेलो. इस्त्रीची पँट, बाबांचे बूट, टाचेला कापूस. तिथले सेक्रेटरी भले गृहस्थ होते. हसत म्हणाले, "आपका वो ड्रमवाला लड़का, भतीजे की शादी में लाल कोट पहनकर बजा रहा था. बढ़िया बजाता है." एवढंच. नको कुणी म्हटलं नव्हतं. पण माझे कान तापले. आणि मी म्हणालो, "नहीं साहब, वो तो सिर्फ सामान उठाता है. ड्रमर दूसरा है." दुसरा नव्हता. तो मला नंतर शोधावा लागला. चांगल्या घरचा, चकाकणाऱ्या ड्रमसेटचा, आणि ताल थोडा पुढे पळवणारा.

त्याला हे सांगायची माझी छाती झाली नाही. अँप्लिफायर उचलून आम्ही नव्या मुलाच्या बंगल्यावर नेला आणि याला कुणी कळवलंच नाही. सरावाच्या ठरलेल्या दिवशी तो नेहमीसारखा आपल्याकडे आला. तू त्याला जेवू घातलंस आणि त्यानं तुलाच विचारलं, मावशी, हे लोक कुठं गेले? रात्री मी आलो तर तू पाटावर बसून होतीस, ताट झाकलेलं.

"त्याले काहून नाही सांगितलं?"

"आई, तुले नाही समजत. हे स्टेजचं काम आहे."

"काम समजत नाही मले. पण माह्या घरात जेवनारा मानूस तुमी काढला कसा, हे सांग."

मी म्हणालो, घरातून नाही, बँडमधून काढला. तू म्हणालीस, "स्टेज तुमचं राहू दे. चूल माही हाये. तो येत राहीन." आणि माझं ताट पुढे सरकवलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

आणि तो येत राहिला. बाहेर त्याच्या चपला दिसल्या की मी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर रेंगाळायचो. आत तुम्ही दोघं काय बोलत होता कुणास ठाऊक, हसण्याचा आवाज यायचा. बँड तेवढ्यात मोठा झाला, म्हणजे मला तसं वाटायचं. क्लब, हॉटेल, रायपूरला एक कार्यक्रम. फक्त ते गाणं जमेना. नवा मुलगा नेमका वाजवायचा आणि गाणं उठायचं नाही, म्हणून आम्ही ते हळूच वगळलं. आकाशवाणीच्या चाचणीत आम्ही नापास झालो. मग एकाला भिलाईत नोकरी लागली, एक आखातात गेला, मी सरकारी टेबलाला चिकटलो. बँड कधी संपला ते मला सांगता येत नाही. अँप्लिफायर परत घरी आला तेव्हा तू त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्यास.

माझ्या लग्नात बाजा ठरवायला तू स्वतः गेलीस, मला न विचारता. मारुतीच्या देवळाकडे वरात निघाली. मी घोड्यावर, डोक्याला फेटा, मुंडावळ्या डोळ्यांवर येताहेत, आणि समोर लाल कोटात तो. तो माझ्याकडे बघत नाही. सिनेमाची गाणी चालली आहेत, तीच, जी आम्ही कधी वाजवली नाहीत. चौकात बाजा थांबतो. मग एकटा ड्रम सुरू होतो, आणि पोळपाटावरची ती बोटं मी ओळखतो. ट्रम्पेटवाल्यानं सूर उचलला आणि अख्खी वरात नाचायला लागली. मामा नाचले, बाबा नाचले. इतक्या वर्षांत ते गाणं असं कधी वाजलं नव्हतं. तू बायकांमधून पुढे आलीस, घोड्याच्या मानेवर हात ठेवलास आणि वर पाहून म्हणालीस, "उतर बाबू. त्याले एकदा भेट."

मी म्हणालो, "नवरदेव मधात उतरत नाही, आई. अपशकुन असते."

तू हात काढून घेतलास. "बरं," म्हणालीस. पंगतीत त्याचं ताट तू स्वतः वाढलंस, आणि हा विषय तू मरेपर्यंत पुन्हा काढला नाहीस.

तुझ्या तेराव्याला तो आला होता. केस पांढरे, साधा सदरा. तुझ्या फोटोसमोर बसला, मग दाराकडे निघाला. मी हातात वरणाचं पातेलं घेऊन वाढत होतो. त्यानं चपला घालताना एकदा मागे वळून पाहिलं. दोन शब्द म्हणायचे होते, आई. ते गाण्यात मी शेकडो वेळा म्हटले होते. मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

तो अजून आहे, इथून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. म्हणजे हे पत्र ज्याच्या हाती पोचेल असा माणूस आहे, आणि त्याला सोडून मी तुला लिहितो आहे, कारण तू उत्तर देणार नाहीस. मुलांचा नंबरही समोरच आहे. चूक सांगायची असेल तर कळवा, काका, असं म्हणून गेली. मी अजून फोन लावलेला नाही. लावीन की नाही, खरंच माहीत नाही.

पण तुला एक सांगायचं राहिलं आहे. त्या वरातीत, चौकाच्या आधीच्या वळणावर, माझा फेटा सुटला होता. घोडेवाल्यानं घोडा थांबवला, मी खाली उतरलो, काकांनी फेटा नीट बांधला आणि मी परत चढलो. कुणी काही म्हटलं नाही. तू मागे बायकांमध्ये होतीस, तुला ते दिसलं नाही.