सोडली की पळते

तीर्थरूप दादास कोपरापासून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? टेबलाखालून निघताना लचकली असं वहिनी म्हणाली. शेक दे. वहिनीच्या फुलझाडांचं मात्र वाईट वाटलं. अर्धी मशीनने तुडवली, अर्धी मी. इकडे मी बरी आहे, गुडघे सोडून.

वहिनीकडून तुझा निरोप मिळाला. मी दुरुस्तीत खोट ठेवली, चारचौघांत तुझं नाक कापलं, आणि म्हणून बाबांची गवत कापायची मशीन तू शनिवारी भंगारवाल्याला देणार. बरं. आता माझं ऐक. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर लागत नसेल तर वहिनीकडून वाचून घे. मोठ्याने.

मशीन तुझ्या गॅरेजातून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात नेली तेव्हा तिची काय दशा होती हे तुला ठाऊक नाही, कारण तू आत आलाच नाहीस, पायरीवरून बोट दाखवलंस. सायलेन्सरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता (तुझ्या घरात कोणीतरी सुखाने नांदलं म्हणायचं). टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. पिस्टन तर असा अडकून बसलेला, जसा तू बाबांच्या आजारपणात ऑफिसात अडकून बसायचास. आठवडाभर तेल पाजलं, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं, तेव्हा कुठे हलला. (पिस्टन. तू नाही.) असल्या इंजिनाच्या रिंगा आता मिळत नाहीत, दुसऱ्या इंजिनाच्या आणून कानशीने घासून बसवल्या. तू म्हणालास चकाचक कर, बढतीच्या पार्टीला मोठे साहेब येणार. केली. फक्त हँडलवरचा बाबांचा हिरवा रंग खरवडायला हात धजला नाही.

बाकी सगळं बाबांनी ठेवलं होतं तसंच ठेवलं. हँडलखालची, मुठीत आवळायची दांडीसुद्धा. जगातल्या असल्या मशीनची दांडी आवळली की चाकं चालतात, सोडली की थांबतात. बाबांची उलटी. मशीनच्या पट्ट्यात दोन बोटं गेल्यावर त्यांना लोकांचं गवत कापताना दिवसभर मूठ आवळून धरता येईना, म्हणून स्प्रिंग फिरवून बसवली. सोडली की पळते, आवळली की थांबते. शहाणपणाचं काम नव्हतं ते, पोटाचं होतं. त्यांच्याबरोबर ज्याने एक दिवस काम केलं त्याला हे माहीत. तुला सांगायला मी दोनदा फोन केला. तू म्हणालास, तपशील नको, चालू होते ना? मग पार्टीच्या दिवशी मला मागच्या दाराने आत घेतलंस (पुढे गालिचा होता आणि माझ्या चपलांना ग्रीस). तेही गिळलं.

मग तुझं भाषण. रविवारी तू आणि बाबा मिळून हे इंजिन खोलायचात म्हणे! रविवारी तू क्लासला असायचास, दादा. रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धूत मी बसायचे, आणि ते धुतलेले हात घेऊन सोमवारी शाळेत गेले की मास्तर बाहेर काढायचे. असो. त्यानंतर मला पुढे बोलावलंस आणि सगळ्यांना सांगितलंस, "या आमच्या कारागीर बाई."

कारागीर बाई! बहीण म्हणायला जिभेला काय फोड आला होता?

मी मशीनशी वाकले. दांडी आवळून दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात इंजिन बोललं (सुरू होताना ते बाबांसारखं खोकतं, तुझ्या लक्षात आलं का? नसेलच). दांडी तशीच तुझ्या मुठीत दिली आणि कानाशी म्हणाले, "दादा, ही सोडू नकोस."

दात दाबून तू म्हणालास, "मला शिकवू नकोस. माझ्या बापाची मशीन आहे."

आणि टाळ्या घ्यायला दोन्ही हात वर केलेस.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंच. मशीन निघाली ती वहिनीच्या झाडांतून, टेबलाचं पांढरं कापड पात्यात गुंडाळत, थेट मोठ्या साहेबांकडे. साहेब खुर्चीवर चढले, या वयात. तू मागून "थांब, थांब" ओरडत होतास, जसं काही कुत्रं सुटलंय, आणि झडप घातलीस ती नेमकी टेबलाखाली. शेवटी मीच धावले, दांडी आवळली, थांबली. साहेब खुर्चीवरूनच म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं ठाऊक?" मी म्हणाले, "माझ्याही बापाची आहे."

एवढंच बोलले. त्याने तुझं नाक कापलं गेलं असेल तर ते मुळातच सैल नटावर बसवलेलं होतं, दादा, आणि ते घट्ट करायचं काम मी घेत नाही. वहिनीला सांग, कापड पात्यातून निघणार नाही, त्याची आशा सोड.

तुझी,
कारागीर बाई

ता. क. हे पत्र घेऊन आलेला टेंपोवाला तुझ्या फाटकाशी उभा आहे. मशीन त्याच्या गाडीत चढव. भंगारवाला जे देणार होता तेच तो तुझ्या हातावर ठेवेल. घासाघीस करू नकोस, त्याला निघायची घाई आहे.

ता. क. दुसरा. चढवताना इंजिन सुरू करू नका. तू तर नाहीच नाही.

ता. क. तिसरा. कधी ती दांडी शिकावीशी वाटली तर दुकानावर ये. चपला कशाही असल्या तरी पुढूनच ये. माझ्या दुकानाला मागचं दार नाही.