समासातली हिरवी शाई

३ जून

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

परदेशी विद्यापीठाशी होणाऱ्या कराराची प्रत मी तुम्हाला नुसतं शुद्धलेखन तपासायला दिली होती. तुम्ही समासात साहेबलोकांच्या हिरव्या शाईनं ‘चर्चा करावी’ लिहून खाली सही ठोकलीत, आणि मी घाईत तीच प्रत पाठवली. तुम्ही कुणी बडे अधिकारी आहात असं समजून तिकडे चर्चेसाठी समिती नेमलीय. तीस तारखेच्या आत सह्या झाल्या नाहीत, तर आमचा लोकप्रशासनाचा वर्ग बंद आणि माझी नोकरी गेली. मामीला नमस्कार.

लोभ आहेच, सध्या थोडा कमी.
चिमटी

९ जून

चि. चिमटीस अ. आ.

चाळीस वर्षं कारकुनी केली, कागद समोर आला की हात आपोआप चालतो. परवा वाण्याच्या यादीवरही तेच लिहिलं. मामीनं सामान आणलंच नाही. पण तुझ्या करारात खोट आहे. आपल्या मुलांनी तिकडे काय शिकायचं याची सोळा कलमं आहेत, त्यांनी आपल्याकडून काय शिकायचं याचं एकही नाही. समितीला माझ्याकडे धाड.

जेवत जा वेळेवर.
मामा

२४ जून

ती. मामांस, शि. सा. न.

समितीचे प्राध्यापक तुमच्याकडे तीन दिवस बसून आले ते खुळावूनच. फाइल कुठल्या टेबलावर का अडते, हे म्हणे त्यांच्या एकाही पुस्तकात नाही. ते सह्या करायला तयार आहेत, पण सतरावं कलम घालून: पहिलं सत्र तिकडे तुम्ही शिकवायचं. सोबतचा फॉर्म लगेच भरून पाठवा.

लोभ वाढलाय.
चिमटी

२६ जून

चि. चिमटीस अ. आ.

फॉर्म भरून सोबत पाठवतोय, ‘शिक्षण’ हा रकाना सोडून. मी मॅट्रिक नापास आहे गं. शिपाई म्हणून लागलो आणि वर सरकत गेलो. मामीलाही ठाऊक नाही. खोटं लिहवत नाही, खरं लिहायची लाज वाटते. माझ्यापायी तुझा वर्ग बुडायला नको, दुसरं कुणी बघ.

मामा

२९ जून

ती. मामांस, शि. सा. न.

रकाना मी भरला: मॅट्रिक नापास. प्राध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, मग यांनी सांगितलेल्या त्या अकरा नवख्या साहेबांना काम कुणी शिकवलं? मी म्हटलं, यांनीच. त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

दुभाषी म्हणून मी येतेय. मामीला मॅट्रिकचं मात्र तुम्हीच सांगा, माझी छाती नाही.

लोभ पूर्ववत.
चिमटी