म्हणे दूध बाधलं!

१२ जानेवारी, रविवार

काचेच्या पेटीतली माझी पोरगी पुन्हा लाल झाली! डोकं, मान, छाती — पिकल्या मिरचीसारखी. मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावल्या. थोड्या वेळानं रंग उतरला.

रक्तात जंतू आहेत म्हणून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन चालू आहे. आणि आत्यांनी — माझ्या सासूबाईंनी — दवाखान्याच्या सगळ्या व्हरांड्यासमोर निकाल देऊन टाकला, "हिचं दूध बाधतंय पोरीला! काय गिळतीस गं?"

काय गिळणार? बाळंत झाल्यापासून मऊभात आणि तूप! नवरा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. वा रे अभिराम!

१३ जानेवारी

आज भोगी. डब्यात मऊभातच.

"दुधानं पोरं जात्यात. मला म्हाईत हाय." आत्या. उद्यापासून पावडरचं दूध द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागल्यात. माझं दूध बंद करणार? बघतेच!

दूध तर नळीतून दिवसभर जातंय. मग सुई दिल्यावरच का लाल होते? आदिती डॉक्टरांना विचारलं. "इन्फेक्शननं असेल, बघूया." बघूया! काचेपाशी बघत मीच बसलेय की!

"मी तिखट खाल्लं तर चालेल?"

"खा की!"

झालं तर मग. शेजारच्या बाकावर शाहूवाडीच्या धोंडुबाई, त्यांचा नातू आत पेटीत आहे. त्यांनी डबा उघडला. "न खाई भोगी तो सदा रोगी, खा पोरी!" तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर कांदा-लसूण चटणीचा गोळा. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण खाल्ली. मुद्दाम आत्यांसमोर बसून खाल्ली!

१४ जानेवारी, संक्रांत

चटणीचं दूध पोटात, आणि पोरगी शांत! सकाळी हात सुजला म्हणून सलाईन काढलं, इंजेक्शन लांबलं. दूध चालूच. लाल नाही, काही नाही.

दुपारी नवी शीर मिळाली. सिस्टरांनी औषध सोडलं — आणि झाली लाल! मी अशी ओरडले की आदिती डॉक्टर पळत आल्या. त्यांनी स्वतः बघितलं, औषध थांबवलं, रंग उतरला.

"तुमचं बरोबर होतं, अवनी. हे औषध भरभर गेलं की असं होतं. बंद करता येणार नाही, पण पंप लावून सावकाश देऊ. आमचं चुकलं."

"आणि दूध?"

"द्यायचंच!"

"मग हे बाहेर येऊन सांगा. माझ्या सासूला. मोठ्यानं!"

आल्या. सांगितलं. सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं! आत्यांच्या हातात तिळगूळ तसाच राहिला. जिरली!

१५ जानेवारी

पंपानं तासभर सावकाश दिलं. लाल नाही!! आत्या जेवल्या नाहीत म्हणे. राहू दे उपाशी.

१६ जानेवारी

आत्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या. अभिरामच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. त्यालाही ताप, गावच्या दवाखान्यात सुया. सुई दिली की लाल व्हायचा. गेला. सगळी भावकी म्हणाली, आईचं दूध बाधलं. अभिरामलासुद्धा हे ठाऊक नाही.

माझा हात धरला. "व्हय गं अवनी, मग माझं दूध चांगलं हुतं?"