दोन नावांचा राखणदार

५ जानेवारी

आजपासून रोजनिशी. केस उभी राहणार आहे, तेव्हा रोजचं टिपून ठेवत जा, असं वकीलसाहेब म्हणाले. त्यांना ऑफिसपुरतंच म्हणायचं असावं. पण मी काही ऑफिसात एक आणि घरी एक असा माणूस नाही.

आमची बाजू भक्कम आहे. 'हँगोरा' हे आमच्या कंपनीचं नाव आणि मी त्या नावाचा ब्रँड संरक्षण अधिकारी. भिंतीला चिकटणाऱ्या कुठल्याही सोम्यागोम्या हुकाला हँगोरा म्हणण्याचा लोकांना काडीचाही अधिकार नाही. म्हणतात मात्र सगळे. आम्ही जिच्यावर केस करतोय, त्या दुसऱ्या कंपनीनं तर सरळ आपल्या पाकिटावरच छापलंय. वर म्हणतात, शब्द आता सगळ्यांचा झाला.

आज लिफ्टमध्ये एक बाई दुसरीला सांगत होत्या की बाथरूममध्ये चार हँगोरे लावले. हँगोरे! म्हणजे अनेकवचनापर्यंत मजल गेली. मी तिथल्या तिथे सांगितलं, बाई, 'हँगोरा कंपनीचे चिकट हूक' म्हणा. त्या दोघी पुढच्याच मजल्यावर उतरल्या. तिथेच राहत असाव्यात.

१० जानेवारी, शनिवार

छोटी आली होती. शनिवार माझा. तिची आई आणि मी दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो, तात्पुरते. गेल्या वर्षी तिच्या आईनं चौकातल्या चष्मेवाल्याशी लग्न केलं. तेही मी फार मनावर घेतलेलं नाही. छोटीच्या आईचा टूथब्रश अजून इथेच आहे.

परवा छोटीच्या आईला फोन केला तर मागून छोटीचा आवाज आला, आई, बाबा आले! मी तर फोनवर होतो. म्हणजे दारातून आत आलेले बाबा दुसरेच.

मला धक्का वगैरे बसला नाही. हे माझं रोजचं काम आहे. सुरुवात अशीच होते. आधी कुणीतरी सोयीसाठी म्हणतं, मग जिभेला सवय लागते, आणि शेवटी ते नाव कुणा एकाचं राहत नाही. यावर उपायही मला ठाऊक आहे. नुसतं 'असं म्हणू नका' सांगून लोक ऐकत नाहीत, त्यांच्या हाताशी दुसरा शब्द द्यावा लागतो. म्हणून छोटीला समजावलं की बाबा हे फक्त माझं नाव, चष्मेवाल्यांना काका म्हणायचं. तिनं विचारलं, तुला वाईट वाटलं का? मी म्हटलं, वाईट वाटण्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. ती बरं म्हणाली आणि पुन्हा चित्र रंगवत बसली.

पालथ्या घड्यावर पाणी. पण प्रयत्न सोडणार नाही.

१९ जानेवारी

कंपनीनं लोकांची पाहणी करून घेतली. प्रत्येकाला त्या दुसऱ्या कंपनीचा हूक दाखवून विचारायचं, हे काय आहे? सगळ्यांनी, अगदी झाडून सगळ्यांनी, सांगितलं, हँगोरा. मी ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होतो. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अहो, तेच तर दुखणं आहे, लोकांना वस्तू आठवते, कंपनी आठवत नाही. माणूस हुशार आहे, पण जात्याच रडका.

निघताना आणखी एक म्हणाले. लोक चुकले तर एक वेळ निभावून नेता येतं. मालकानंच आपलं नाव दुसऱ्याला लावलं, तर मात्र कुणी वाचवू शकत नाही.

हे मला सांगत होते. मला!

२४ जानेवारी, शनिवार

छोटीला येऊ नको म्हणून कळवावं लागलं. साक्षीची तयारी. नावासाठी लढाई चालू आहे, हे तिला मोठी झाल्यावर कळेल.

३१ जानेवारी, शनिवार

आजही नाही जमलं. कळवायचंही राहून गेलं. दुपारी तिच्या आईचा फोन. छोटी सकाळपासून बॅग पाठीला लावून खिडकीत बसली होती म्हणे. मी केसचं गांभीर्य समजावून सांगितलं. छोटी चष्मेवाल्याला बाबा म्हणायची थांबली का, तेही विचारलं. तिनं फोन ठेवला. तिला उत्तर देणं अडचणीचं असावं. त्यावरून काय ते समजलो.

संकल्प: यापुढे एकही शनिवार चुकवायचा नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

छोटी आली. दाराजवळ तिच्या बॅगेसाठी मी खाली, तिच्या हाताला येईल असा हूक लावून ठेवलेला आहे. आमच्याच कंपनीचा. तिनं बॅग वरच्या हुकाला अडकवली. खालच्याला लावली तर जमिनीला टेकते, म्हणाली. एवढी वाढली कधी? मला कुणी सांगितलं नाही.

दिवसभरात ती मला बाबा अशी हाक किती वेळा मारते, हे मोजायचं ठरवलं होतं. वकीलसाहेबांचे फोन येत राहिले, त्यात राहून गेलं.

१६ फेब्रुवारी

कोर्टात साक्ष उत्तम झाली. एक किरकोळ गोष्ट सोडून.

नावाचा इतिहास, जाहिराती, लोकांना पाठवलेल्या नोटिसा, सगळं मी धडाधड सांगितलं. मग त्यांचे वकील उठले. पोरसवदा, गोड बोलणारे. म्हणाले, बाहेर थंडी बरीच आहे, साहेबांनी आज कोट नाही घातला? मी म्हटलं, घातला होता, बाहेर हँगोऱ्याला टांगलाय.

न्यायाधीशांनी शिपायाला बाहेर बघायला पाठवलं. हूक त्या दुसऱ्या कंपनीचा निघाला.

न्यायाधीश ते लिहून घेत होते. हसले असते तर बरं वाटलं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसला प्रकार. पण एका शब्दानं एवढी मोठी केस बुडत नसते.

२३ फेब्रुवारी

बुडाली.

ऑफिसातल्या साहेबांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं. कधीपर्यंत, ते बोलले नाहीत. माझ्या कष्टांची त्यांना जाणीव आहे. माझ्या टेबलाशी बसायला दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंय, ते अर्थातच टेबल रिकामं दिसू नये म्हणून.

घरी आलो. दाराशी कोट टांगायला गेलो आणि हात तिथेच थांबला. तो खालचा हूक दिसला. मग रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं. कंपनीसाठी नाही. मला माझी मुलगी हवी आहे.

डोळे धुतले. अजून एक नाव शिल्लक आहे. शनिवारी छोटीची पोहण्याची परीक्षा. मी जाणार. सगळ्यांच्या आधी जाणार आणि अगदी पुढे उभा राहणार.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वेळेआधी पोहोचलो. छोटीचा टॉवेल मागून घेतला आणि तलावाच्या अगदी काठाशी उभा राहिलो. चष्मेवाले मागच्या बाकावर बसले होते. आपणहून मागे बसले, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

छोटीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता यायचं होतं. मध्यावर तिचे हात जड झाले. माझा जीव अर्धा झाला. पण आली. माझ्या पायाशीच काठ धरला, केस सगळे डोळ्यांवर, धापा टाकत होती. एक हात वर केला आणि म्हणाली, बाबा, हात दे ना.

मी मागे वळलो. चष्मेवाल्यांना म्हणालो, अहो, उठा, ती तुम्हाला बोलावतेय.

ते उठले नाहीत.  हळूच म्हणाले, मला ती काका म्हणते. तुम्ही सांगितलंत ना, त्या दिवसापासून काकाच म्हणते.

मी पुन्हा वळलो तोवर तिचा हात खाली गेला होता. ती कडेकडेनं शिडीपर्यंत गेली आणि आपली आपण वर आली. मी टॉवेल पुढे केला. तिनं घेतला. थँक्यू म्हणाली.

फाटकाशी निघताना म्हणाली, येते.

पुढे काही म्हणेल म्हणून मी थांबलो.

नुसतं येते.