दोनशे छप्पन रंगांचं कार्ड

६ सप्टें. ९६, नेवासा
पुन्हा भांडण. पुन्हा मीच सुरू केलं. छापखान्याच्या शिंदेकाकांना लग्नपत्रिकेचा नमुना माझ्या मशीनवर दाखवला. म्हणाले, "अन्या, गणपतीला गोवर आलाय का रे?" फ्लॉपी खिशात घातली आणि त्यांना दारापर्यंत न पोचवता आत निघून गेलो. मागाहून नीट पाहिलं. खरंच गोवर. सोंडभर ठिपके. पतसंस्थेने बाद केलेलं ३८६ जातीचं कॉम्प्युटर मशीन, त्याला सोळाच रंग येतात. आतलं डिस्प्ले कार्ड बदललं तर दोनशे छप्पन येतात म्हणे.
दादा जेवताना, बापाच्या तोऱ्यात: "कालेज सोडलं, आता डबड्याला रंग द्या." ताट अर्धं टाकून उठलो.

११ सप्टें.
नगरला गेलो. स्टँडमागच्या गल्लीत एकच दुकान, जुन्या मशीनचं सामान ठेवणारं. काउंटरवर मुलगी. शेठ तिला सुनीता म्हणत होते.
"तुमच्या मशीनला कार्डाची खाच कुठली? लांब काळी की आखूड पांढरी?"
मी तोऱ्यात, "असेल ती."
"असेल ती नाही. उघडून बघा, कागदावर काढून आणा."
दुसरं कुणी असं बोललं असतं तर. पण राग आला नाही. घोडेगावपर्यंत उभ्याने आलो तरी आला नाही. इथून पुढे सु. लिहीन, ही वही आईच्या हाती लागते.

१३ सप्टें.
सगळ्या खाचा काळ्या, लांब. पट्टीने मापं घेऊन चित्र काढलं, वर्कशॉपच्या जर्नलमध्ये इतकं सुबक कधी काढलं नव्हतं.
शेठ मध्येच: "जुन्याला औषधपाणी कशाला? नवंच मशीन घ्या." सु.ने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तीन कार्डं मांडली. पहिलं नव्या जातीचं, चकचकीत, "हे तुमच्या खाचेत जाणारच नाही." उरली दोन, पाचशे बारा केबी मेमरीवालं आणि एक एमबीवालं. मी एक एमबीकडे बोट दाखवलं. उगीच, रुबाब म्हणून.
"कशाला? तुमचं मशीन तेवढं चित्र ओढेपर्यंत पत्रिकेतल्या नवरा-नवरीला मूल होईल."
५१२ ठरलं. नगर ते नेवासा फाटा, खिडकीशी एकटाच हसत होतो. कंडक्टर बघत होता.

३० सप्टें.
आई: "पित्रुपाठात नवी वस्तू आनायची न्हाई." मी ओरडलो. ती शांतपणे भाकरी थापत राहिली. असं ओरडणं फुकट जातं.
तरी नगरला. म्हटलं, बघायला काय हरकत.
सु.: "पुन्हा?"
"भाव वाढला का बघायला आलो."
"ते पोस्टकार्डावर कळवलं असतं."
गर्दी नव्हती. कॉलेज का सोडलं विचारलं तिने. सांगितलं. डिप्लोमाचं दुसरं वर्ष. सर प्रॅक्टिकलला सगळ्यांसमोर बोलले, मी स्टूल लाथाडलं आणि निघालो. परत गेलोच नाही.
"सर चुकीचं बोलले होते?"
बरोबर बोलले होते.

१८ ऑक्टो.
आणलं! खोका मांडीवर धरून आलो. बिल तिने लिहिलं, अक्षर उजवीकडे कललेलं. "नाही चाललं तर आणा. पण चालेल, मी बघून दिलंय."
आई: "दोन दिसांवर खंडेनवमी. हत्यारासंगं पुजू, मग लाव." बरं म्हटलं. सध्या मी कशालाही बरं म्हणतोय.

२२ ऑक्टो.
खंडेनवमीला पाटावर दादांचे पाने-पक्कड, आईची विळी, मध्ये माझं कार्ड, त्यावर झेंडू. दादांनी नमस्कारही केला. आज, दसरा उलटल्यावर, मी बसवलं, बटण दाबलं. काळा पडदा. पीं... पीं पीं. एक लांब, दोन आखूड. चार वेळा काढून घातलं. जुनं घातलं की चालतं. म्हणजे नवंच मेलेलं.
दादा पक्कड घेऊन बाहेर निघून गेले. टोमणा मारला असता तर बरं होतं.
"मी बघून दिलंय." काय बघून दिलं? उद्या बघतोच.

२३ ऑक्टो.
कसं लिहू.
दुकान भरलेलं होतं. कार्ड काउंटरवर आपटलं. म्हणालो, जुना माल चिकटवता? खेड्यातला म्हणून? आणि सु.कडे बोट करून, ह्या बाईंनी. बाईंनी म्हणालो.
शेठ उठले. तिलाच: "तू दिलंस ना? दिवाळीनंतर यायची गरज नाही."
तिने कार्ड उचललं, खिडकीशी नेलं, तिरपं करून पाहिलं. ड्रॉवरमधून साधं खोडरबर काढलं आणि कार्डाची कड घासायला लागली. ज्या सोनेरी दातांवर ते खाचेत बसतं, ती कड. रबर लाल झालं. थोडं पिवळं.
मला तेव्हाच कळलं. हळद-कुंकू. नुसतं शिंपडलेलं नाही, ओलं बोट ओढलेलं, वाळून खडखडीत झालेलं.
दुकानाच्या मशीनमध्ये तिने कार्ड घातलं. चाललं. शेठना म्हणाली, "धूळ होती." लाल रबर मुठीत. कार्ड माझ्यासमोर ठेवलं, हळूच: "आईंना सांगा, पुढच्या वेळी खोक्यावर लावा."
मी तोंड उघडायला हवं होतं. गाडी पकडून आलो.

२४ ऑक्टो.
कार्ड चालतंय. सोंड साफ, डोळे काळे, पितांबर पिवळं. शिंदेकाका येऊन बघून गेले, लगीनसराईचं काम देतो म्हणाले. अंगावरचं ओझं उतरायला हवं. निम्मंच उतरलं.
आईला विचारलं, कुंकू नेमकं तिथंच का लावलंस?
"सोन्यावानी चमकत हुतं. म्हनलं, हेच त्याचं कपाळ आसंल."
हिच्यावर ओरडणार कसं? पण तिकडे एकीची नोकरी जातेय. ती खोटं बोलली ते माझी लाज राखायला, आणि धूळ म्हणजे शेठच्या लेखी तिचीच चूक.

२६ ऑक्टो.
गेलो. वाटेत तीनदा वाटलं, उतरावं.
शनिवार, दुकान पुन्हा भरलेलं. बरंच झालं, त्या दिवशीही भरलेलं होतं. शेठना मोठ्याने सांगितलं, "धूळ नव्हती. आमच्याकडे पूजा झाली, कार्डाला हळद-कुंकू लागलं. माल चांगला होता. चूक माझी. ओरडलो तीही."
शेठनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग, "कुंकू? आणि हार? हार घातला नाही?" सगळं दुकान हसलं. एकजण म्हणाला, "ओटी भरायची राहिली वाटतं!" कान तापले. मूठ वळली. मग सोडली. हसलोसुद्धा, थोडं उशिरा.
शेठ डोळे पुसत तिला: "अगं, दिवाळीनंतर काय, दिवाळीतही ये. स्टॉक मोजायचाय. आणि ह्यांना चहा सांग."
चहा इतका गोड कधी लागला नव्हता. साखर जास्त होतीच, पण.
शेठ आत गेल्यावर मी, "माफ करा."
"ओरडलात त्याबद्दल की बाई म्हणालात त्याबद्दल?"
"दोन्ही."
तिने बिलबुकात काहीतरी लिहिलं, खोडलं. मग वर न बघता, "मंगळवारी शेठ पुण्याला माल आणायला जातात. गर्दी नसते."
एवढंच. गिऱ्हाईक आलं, ती त्याच्याकडे वळली.

२८ ऑक्टो.
दोन रात्री गाढ झोपलो. शिंदेकाकांच्या तीन पत्रिका पुऱ्या केल्या. एकदाही कुणावर ओरडलो नाही, आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.
उद्या मंगळवार. मशीन उत्तम चालतंय. घेऊन जायला काही नाही, बदलून आणायला काही नाही. जाऊन काउंटरसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं काय...
दादांनी विचारलं, "उद्या परत नगर? आता काय बिघडलं?"
"काही नाही बिघडलं."
माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, साडेसातच्या गाडीला जागा मिळती.